काचेवरचे चार धागे

सासऱ्यांनी मागच्या टायरवर खडूने रेघ मारली, तीच रेघ खाली फरशीवर उतरवली आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

“बस आता,” ते म्हणाले.

ती मोटरसायकलवर बसली.

“अशी नको. ताठ बसलीस.”

“बाबा, माप टायरचं घेताय. मी कशीही बसले तरी काय फरक पडतो?”

“माप देताना सगळेच ताठ होतात. पोट आत, छाती बाहेर. आणि मग घरी जाऊन म्हणायचं, शिंप्याने शर्ट घट्ट केला. रोज बसतेस तशी बस. तुझी ती बॅग कुठाय?”

“आत.”

“मग आण की. कामाला काय रिकामी जातेस?”

ती उतरली. आतून नर्सिंगची बॅग आणून पाठीला अडकवली, हेल्मेट घातलं आणि रोजच्यासारखी जरा पुढे झुकून बसली. मागचा टायर जमिनीपाशी किंचित पसरला. सासऱ्यांनी समाधानाने मान हलवली. गिऱ्हाईकाने रोखलेला श्वास सोडला की ते अशीच मान हलवत. मग त्यांनी गाडी मागून हलके हलके ढकलली. खडूची रेघ वर गेली, पलीकडून फिरून परत खाली आली, तशी त्यांनी तिच्या पाठीवर चापट मारली. थांब. रेघ टेकली तिथे फरशीवर दुसरी रेघ. गळ्यातली मोजपट्टी दोन रेघांमध्ये पसरून ते वाकले.

“किती भरलं?” तिने विचारलं.

उत्तर आलं असावं, कारण त्यांचे खांदे हलले. पण तोंड फरशीकडे होतं.

*

उन्हाळ्याच्या तोंडावर तिला ताप आला होता. ताप गेला तो दोन्ही कान घेऊन गेला. तेव्हापासून ती ऐकत नव्हती, बघत होती. माणसांचे ओठ बघायची. समोरच्याने तोंड फिरवलं की तिच्यापुरतं वाक्य तिथेच संपायचं, अर्धं का असेना. नवऱ्याची तर निम्मी वाक्यं अशीच संपत. तो शाळेची गाडी चालवायचा. माणूस मागे आणि नजर समोर, अशी बोलायची त्याची सवय.

“मी काय म्हणतो, ऑफिसातलं बैठं काम घेतलंस तर निदान मला—”

आणि तो फ्रीजकडे वळायचा.

निदान मला काय, ते तिने कधी विचारलं नाही. दिवसभर रस्त्यावर हॉर्न ऐकणाऱ्या माणसाला काय वाटत असेल हे कळायला ओठ बघावे लागत नव्हते.

सासऱ्यांच्या बाबतीत वेगळीच पंचाईत होती. मिशी. वरचा ओठ तर सोडाच, खालच्यावरही अर्धी उतरलेली. तिच्याआडून ते बोलायला लागले की गुळण्या करताहेत का बोलताहेत ते समजायचं नाही. एका सकाळी ते न्हाणीघरातून बाहेर आले ते मिशीशिवाय. नवरा हातातला कप खाली ठेवून बघत राहिला. त्याने जन्मापासून त्या मिशीखालचा ओठ पाहिलेला नव्हता.

“हे काय केलंत, बाबा?”

“उकडत होतं,” सासरे म्हणाले.

त्यांचं हे पहिलं अख्खं वाक्य, जे तिला लख्ख दिसलं.

*

ती घरोघरी जाणारी नर्स होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमा धुणं, नळ्या बदलणं, इंजेक्शनं, पाठ फुटू नये म्हणून कुशीवर वळवणं. तिचे बरेचसे रुग्ण टेकडीवरच्या वस्तीत होते. बस पायथ्याशीच थांबायची. मोटरसायकल असेल तर काम, नसेल तर नाही, इतका साधा हिशेब होता.

चालवायला डॉक्टरांची हरकत नव्हती. मोठे आरसे बसवा म्हणाले, बसवले. मागून येणारं ती आरशात बघू शकत होती. घोडं अडलं ते भलत्याच ठिकाणी.

बरी झाल्यावर पहिल्यांदा गाडी काढली तेव्हा सगळी गल्ली दारात आली. तिला भरून आलं. किती दिवसांनी बाहेर पडतोय आपण, लोकांना बरं वाटतंय. तिने एक हात वर करून सगळ्यांना प्रतिसाद दिला. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने रस्त्यात आडवं येऊन इंजिनाकडे बोट दाखवलं तेव्हा कळलं की ती इथवर पहिल्याच गिअरमध्ये आली होती, आणि इंजिन असं ओरडत होतं की लोकांना वाटलं आता फुटतंय. परतताना तिने घाईघाईने वरचे गिअर टाकले, तर गाडी आचके देत बंद पडली. एकदा नाही, चारदा. चौथ्यांदा ती उतरली आणि गाडी हाताने ढकलत घरी आणली.

गिअर कधी बदलायचा हे तिला कधी कुणी शिकवलं नव्हतं. कानच सांगायचे. जुनी गाडी; इंजिन किती फिरतंय ते दाखवणारा काटा तिला नव्हताच. वेगाचा तेवढा होता.

ऑफिसातल्या मोठ्या सिस्टर कडक होत्या, पण वाईट नव्हत्या. तिच्या डोळ्यांत बघत, एकेक शब्द सुटा करून त्या म्हणाल्या होत्या, “सोमवारी मी तुझ्या मागे बसते. टेकडी चढून दाखव. चढलीस तर रस्ता तुझा. नाही तर स्टोअरमध्ये माणूस हवाच आहे.”

स्टोअर म्हणजे तळघर. कापसाचे गठ्ठे, हातमोज्यांची खोकी आणि एक ट्यूबलाइट.

*

“साडेचार हजारांवर बदला गिअर,” मेकॅनिक म्हणाला होता. सासरे स्वतः गाडी घेऊन त्याच्याकडे गेले होते, सुनेला बरोबर घेऊन. “जास्त ताणलं तर ओरडणार. फार लवकर टाकला तर धापा टाकणार.”

“साडेचार हजार काय?” सासऱ्यांनी विचारलं.

“फेरे. इंजिनाचे, मिनिटाला.”

“ते कळायचे कसे?”

“काट्यावर. पण या गाडीला तो काटा नाही, काका.”

“वेगाचा आहे ना?”

“तो आहे.”

“आणि मधे काय काय असतं? इंजिनापासून चाकापर्यंत?”

मेकॅनिकने सांगितलं, अगदी हात मळवून दाखवलं. सासरे ऐकत होते आणि त्यांचा चेहरा उजळत चालला होता. छाती मोजली की शिंपी खांदा सांगू शकतो, खांद्यावरून बाही, बाहीवरून कफ. सगळी मापं एकमेकांच्या हातात हात घालून उभी असतात. एक सापडलं की बाकीची कुठे जातात?

“म्हणजे एका मापावरून दुसरं निघतं,” ते म्हणाले.

“निघतं. पण गुणाकार आहेत बरेच.”

“करू की. सून शिकलेली आहे.”

*

कापड बेतायच्या टेबलावर त्या संध्याकाळी कापड नव्हतं. गाडीबरोबर मिळालेलं माहितीपुस्तक उघडून ठेवलं होतं, वर कात्रीचं वजन. सासरे आकडे सांगणार, ती मोबाइलवर गुणाकार-भागाकार करणार. सासरे खुर्ची ओढून मुद्दाम दिव्याखाली बसले, तोंडावर उजेड पडेल असे.

गाडी मिनिटाला किती पुढे जाते ते काढायचं. त्याला चाकाच्या एका फेऱ्याच्या लांबीने भागलं की चाक मिनिटाला किती वेळा फिरलं ते येतं. मागच्या स्प्रॉकेटला, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाला, त्रेचाळीस दाते, पुढच्याला पंधरा. पहिल्या दात्याला खडू लावून सासऱ्यांनी ते दोनदा मोजले होते. म्हणजे चाक एकदा फिरायला पुढचं स्प्रॉकेट जवळजवळ तीनदा फिरतं. ते फिरायला गिअरची जोडी आणखी काही वेळा, आणि ती फिरायला इंजिन तिच्या तिपटीहून जास्त. असं एकातून एक, चाकापासून मागे मागे, इंजिनापर्यंत. आणि मग सगळं उलटं: इंजिन साडेचार हजारांवर असेल तर पहिल्या गिअरला वेग किती, दुसऱ्याला किती.

“टायर एक्क्याऐंशी इंच,” सासरे म्हणाले. तिने एक्क्याऐंशी दाबले.

नवरा दारात उभा होता. कधीपासून, कुणास ठाऊक.

“हा काय उद्योग चाललाय?”

“माप,” सासरे म्हणाले.

“बाबा, रस्त्यात ती काट्याकडे बघणार का समोर? एखादा ट्रक—”

नवऱ्याने मान वडिलांकडे फिरवली आणि ट्रक तिथेच थांबला. सासऱ्यांनी मात्र उत्तर देताना तिच्याकडे तोंड ठेवलं.

“तुझी आई डोळे मिटून काजं करायची. आधी वर्षभर बघून केली, मगच.”

एकवीस. बत्तीस. चव्वेचाळीस. छप्पन्न.

हे चार वेग आले. सासऱ्यांनी रिळांच्या डब्यातून चार रंग निवडले, लाल, पिवळा, हिरवा, निळा. नखाएवढे चार तुकडे कापले आणि वेगाच्या काट्यावरच्या काचेवर, त्या त्या आकड्यासमोर, डिंकाने चिकटवले. हात थरथरू नये म्हणून ते श्वास रोखून काम करत होते. काटा लालला टेकला की दुसरा गिअर. पिवळ्याला टेकला की तिसरा. काही लक्षात ठेवायचं नाही.

“झालं. सैल वाटलं तर सांग,” ते सवयीने म्हणाले.

*

सोमवार. मागे मोठ्या सिस्टर. दोघींत ठरलेलं: डाव्या खांद्यावर चापट म्हणजे हळू, उजव्या खांद्यावर म्हणजे मागून हॉर्न.

लाल. दुसरा.

पिवळा. तिसरा.

हिरवा.

सपाट रस्त्यावर सगळं पाठ केल्यासारखं झालं. गाडीने एकही आचका दिला नाही. फक्त एक बारीकशी गोष्ट होत होती आणि तिच्याकडे लक्ष द्यायला तिला सवड नव्हती.

सिग्नल. परत पहिल्यापासून.

पायाला मुंग्या. मग लाल.

पायाला मुंग्या. मग पिवळा.

मुंग्या, हिरवा.

गिअर वेगळा, वेग वेगळा, मुंग्या त्याच. तळव्याच्या मधोमध, बुटाच्या आत, आणि तिथून नडगीत. दर वेळी धाग्याच्या किंचित आधी. धागा यायचा आणि गिअर बदलला की मुंग्या विझायच्या. एखाद्या रुग्णाच्या मनगटावर बोट ठेवल्यावर आधी काहीच लागत नाही, आणि एकदा लागलं की मग बोट तिथून हटत नाही, तसं तिच्या तळव्याचं झालं.

टेकडी सुरू झाली. वळणं. तिसऱ्या वळणावर समोरून विटांचा ट्रक आला, रस्त्याच्या निम्म्याहून जास्त अंगावर घेत. उजव्या खांद्यावर चापट बसली. आरशात एक रिक्षा चिकटून होती. काट्याकडे बघायला डोळे उरलेच नाहीत. एक ट्रकवर, दुसरा आरशात, अशी गत. ट्रक निसटला. रिक्षाला तिने जागा दिली. तळव्याखाली गाडी जडशीळ कण्हायला लागली, तशी तिने खालचा गिअर टाकला. मग चढ थोडा सैल झाला, गाडी पळायला लागली, मुंग्या आल्या, तिने वरचा टाकला.

मग खाली बघितलं. काटा धाग्याच्या जेमतेम मागे होता, बदलायच्याच जागी.

तिने बघितलं नव्हतं, आणि गिअर बदलला होता.

पुढची सगळी टेकडी तिने काचेकडे न बघता चढली. डोळे रस्त्यावर, आरशात, रस्त्यावर. इंजिन बोलत होतं. पायांशी बोलत होतं, इतकंच.

*

वर, पाण्याच्या टाकीपाशी, सिस्टरांनी हेल्मेट काढून केस सारखे केले. त्या तिच्या समोर येऊन उभ्या राहायला निघाल्या तेवढ्यात ती स्वतः उतरून त्यांच्याकडे वळली आणि म्हणाली, “उतरू नका, सिस्टर. एक काम आहे.”

“आधी माझं ऐक. रस्ता तुझा. उद्यापासून.” सिस्टरांनी बोटाने तिची हनुवटी वर केली, नीट दिसावं म्हणून. “फक्त खालच्या सपाटीवर एवढी ताणत जाऊ नकोस. माझे दात वाजत होते.”

“म्हणूनच म्हणते, बसून राहा.”

तिने बॅगेतली मोजपट्टी काढली, सुजलेल्या पायांचा घेर मोजायची. दगडाने टायरवर खूण केली, जमिनीवर खूण केली.

“माझं माप घेतेस?”

“टायरचं.”

“मग मी कशाला हवी?”

“ताठ नका बसू, सिस्टर. रोज बसता तशा बसा.”

“मी रोज मोटरसायकलवर कुठे बसते?” सिस्टर पुटपुटल्या, पण बसल्या. टायर एक फेरा फिरेपर्यंत तिने गाडी ढकलली आणि मोजलं.

पंचाहत्तर. सिस्टरांच्या वजनाने जरा कमीच.

तिने परत मोजलं. पंचाहत्तर. मग ती तिथेच जमिनीवर बसली आणि बोटांवर हिशेब केला. वर सहा इंच. चार अंगाला सैल, दोन शिलाईत. तिचे सगळे युनिफॉर्म असेच बेतलेले होते. छाती छत्तीस भरली की सासऱ्यांचा हात आपोआप बेचाळीस लिहायचा. अंग बघायचं आणि कपडा सांगायचा, उभा जन्म हेच केलेला माणूस. डोळ्यांनी पंचाहत्तर पाहिले असणार, तोंडाने एक्क्याऐंशी सांगितले.

सासऱ्यांनी टायरला शर्ट शिवला होता.

म्हणून सगळे धागे थोडे पुढे लागले होते, चारही, एकाच प्रमाणात. मोजपट्टी गुंडाळता गुंडाळता तिचे हात थांबले. माप बरोबर असतं तर काटा धाग्याला आधी टेकला असता, तिने गिअर बदलला असता, आणि मुंग्यांपर्यंत इंजिन कधी पोचलंच नसतं. ती आयुष्यभर काचेकडे बघत बसली असती.

“झालं का? का माझा ब्लाउजही बेतणार आहेस?” सिस्टर म्हणाल्या.

तिने बॅगेतून गॉजचा तुकडा काढला आणि काचेवरची धूळ पुसली. धाग्यांच्या कडेने, जपून, टाक्यांभोवतालची जागा पुसावी तशी.

*

“धागे बरोबर लागले?” संध्याकाळी सासऱ्यांनी विचारलं. ते दारातच उभे होते, चष्मा कपाळावर.

“अगदी.”

“चढावर?”

“चढावरच जास्त.”

यात काहीही खोटं नव्हतं. सासरे आत गेले आणि त्यांनी मशीनवर एक विजार घेतली, जिची कुणालाच घाई नव्हती.

*

रविवारी नवऱ्याने पाव आणायला मोटरसायकल नेली. परत आला तो हेल्मेट हातात घेऊनच थेट मशीनच्या खोलीत. ती तिथे सुटी बटणं रंगांप्रमाणे वेगळी करत बसली होती. तो वडिलांशी बोलायला लागला, मग थबकला आणि खुर्चीला वळसा घालून अशा जागी आला की तिलाही त्याचं तोंड दिसावं. हे तो अलीकडे करायला लागला होता.

“बाबा, गंमत म्हणून तुमच्या धाग्यांवर चालवून बघितली. धागे चुकलेत.”

सासऱ्यांचा पाय मशीनच्या पायडलवर थांबला.

“धाग्यापर्यंत नेली की इंजिन कोकलतं. एकाच नाही, प्रत्येक गिअरला. आकड्यात कुठेतरी मोठी गडबड आहे. ही रोज अशी चालवते?”

सासऱ्यांनी गळ्यातली मोजपट्टी हातात घेतली. नुसती धरली. त्यांचे ओठ हलत होते, आवाजाशिवाय असावेत, कारण नवरा वाकून विचारत होता, काय म्हणालात. तिला मात्र ते दिसत होते. पंचाहत्तर. मग चार. मग दोन. सासऱ्यांनी चष्मा काढला आणि सुनेकडे बघितलं, टेकडीवरच्या प्रत्येक वळणाचा आपणच देणेकरी असल्यासारखं.

“ते माप माझं आहे,” ती नवऱ्याला म्हणाली.

“म्हणजे?”

“मी बसून घेतलेलं. बॅगेसकट. तुला कसं बसेल?”

“अगं, इंजिनाला काय कळतं वर कोण बसलंय?”

“टायरला कळतं.”

नवऱ्याने तोंड उघडलं. तो पोटासाठी गाडी चालवणारा माणूस होता. बसणाऱ्याच्या वजनाने एवढा फरक पडत नाही हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. त्याने तिच्याकडे पाहिलं. मग वडिलांच्या हातातल्या मोजपट्टीकडे. मग परत तिच्याकडे, आणि या खेपेला जरा जास्त वेळ. ती बटणांतून एक निळं बटण शोधत होती, समोरच पडलेलं.

“असं होय,” तो म्हणाला. हेल्मेट त्याने टेबलावर ठेवलं. “मग माझंही माप घ्या, बाबा. मलाही लावून द्या चार धागे.”

सासऱ्यांनी चष्मा परत चढवला. सुई उजेडात धरली, दोरा ओवला, दाताने तोडला, आणि मग तिच्याकडे तोंड करून, तिला नीट दिसेल असं, मुलाला म्हणाले,

“तुला कशाला? तुला ऐकू येतं की.”

ती हसली. किती मोठ्याने, ते तिला कळलं नाही. पण खिडकीवरचं कबुतर उडालं आणि दोघेही तिच्याकडे बघायला लागले, तेव्हा बरंच मोठ्याने असावं.